केल आणि कोलार्डची पाच बियाणी: आपल्या गच्चीवर कोणतं टिकतं आणि कोणतं नुसतंच छान दिसतं

आधी निकाल सांगून टाकतो. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात गच्चीवर किंवा अंगणात भाजीसाठी पानं हवी असतील तर ‘जॉर्जिया सदर्न’ कोलार्ड घ्या. चव हवी असेल तर काश्मिरी हाख. गॅलरी अरुंद असेल तर टस्कन केल. रेड रशियन फक्त कोवळ्या पानांसाठी. पाकिटावरचा फोटो बघून सगळे आधी उचलतात ते कुरळं केल मात्र आपल्या हवेत पाचांत पाचवं.

केल म्हटलं की भाजीवाला अजूनही केळी दाखवतो, त्यामुळे ओळखीपासून सुरुवात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि कोलार्ड ही एकाच वनस्पतीची, ब्रासिका ओलेरेसियाची, रूपं आहेत. कोबीत माणसाने शेंड्याची कळी मोठी केली, नवलकोलात खोड फुगवलं, फ्लॉवरमध्ये फुलोरा. केल-कोलार्डमध्ये असं काहीच फुगवलेलं नाही. गड्डा न धरणारा कोबी म्हणा हवं तर. खालची पानं तोडत जायची, शेंडा राखायचा, झाड वर वर चढत राहतं. कुरळ्या किंवा खडबडीत पानाचं ते केल, मोठ्या गुळगुळीत पानाचं ते कोलार्ड, एवढाच व्यवहारातला फरक. रेड रशियन तेवढं वेगळ्या घरचं, ब्रासिका नेपसमधलं. त्याचं पान मऊ का आणि ते तोडल्यावर लगेच मान का टाकतं, याचं मूळ तिथेच आहे.

पाकीट हातात घेतल्यावर

या बियाण्याचे साधारण २५० ते ३०० दाणे एका ग्रॅममध्ये बसतात. चौघांच्या घराला सहा झाडं पुरतात, म्हणून ५० दाण्यांचं पाकीट दोन हंगाम जातं. ‘५०० बिया’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पाकीट स्वस्त पडतं खरं, पण त्यातल्या ४८० बिया पुढच्या पावसाळ्यात दमट होऊन वाया जातात. दाण्यांच्या संख्येपेक्षा उगवण चाचणीची तारीख बघा. आपल्याकडे लेबलावरची वैधता त्या तारखेपासून ९ महिन्यांची असते. चाचणीची तारीखच नसलेली, नुसता फोटो आणि ‘ऑरगॅनिक’ शब्द छापलेली प्लास्टिकची पुडी घेऊ नका, मग तिला ऑनलाइन कितीही तारे मिळालेले असोत. ते तारे बहुतेक वेळा पाकीट वेळेवर पोहोचल्याचे असतात. उगवलं काय, हे कळायला दोन महिने लागतात आणि तोवर अभिप्राय लिहायला कोणी परत जात नाही.

दाणे गुलाबी किंवा निळसर दिसले तर त्यांना बुरशीनाशक चोळलेलं आहे. कुंडीत पेरायला हरकत नाही, पण मायक्रोग्रीनसाठी (अगदी कोंबासारखी कोवळी रोपं कापून खाण्यासाठी) असे दाणे वापरायचे नाहीत. पाकिटावर ‘ऑर्नामेंटल’ किंवा ‘फ्लॉवरिंग’ असा शब्द कोपऱ्यात तर नाही ना, तेही बघा. गुलाबी-जांभळ्या मध्याचं ते शोभेचं केल विषारी नसतं, पण चिवट आणि कडसर असतं. ते दिवाळीत दारात ठेवावं, कढईत नाही.

सर्वांत मोठी फसवणूक मात्र दाण्यावरून ओळखता येत नाही. केलचा दाणा आणि मोहरीचा दाणा शेजारी ठेवले तरी पटकन फरक कळत नाही, आणि सुट्या पुड्यांमध्ये मोहरी निघते. फरक कळतो तो तिसऱ्या पानाला. पहिली दोन बीजदलं दोघांचीही सारखीच, बदामाच्या आकाराची. त्यानंतरचं पहिलं खरं पान भिंगाखाली किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. कोलार्ड, हाख आणि टस्कनचं पान बिनकेसाळ, निळसर झाक असलेलं, मेणचट. मोहरीचं पान पोपटी आणि बारीक लवेने खरखरीत. रेड रशियनच्या कोवळ्या पानावर थोडी लव असू शकते, तेवढा अपवाद धरा. शंका राहिली तर थांबा. मोहरी असेल तर दीड-दोन महिन्यांत पिवळी फुलं दाखवून स्वतःच कबुली देते.

पेरण्याआधी २० दाणे ओल्या कागदी रुमालात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. पाचव्या दिवसापर्यंत १६ दाण्यांना मोड आले तर बी उत्तम. १० दाण्यांना आले तर दुप्पट पेरा. त्याहून कमी असतील तर पाकीट परत करा. उरलेलं बी सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं की तीन-चार वर्षं चालतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघडं राहिलेलं पाकीट एका पावसाळ्यात संपतं.

पाच बियाणी

जॉर्जिया सदर्न हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जुनं, सरळ (संकरित नसलेलं) वाण. उन्हाळा तापतो अशाच भागात ते पिढ्यान्‌पिढ्या लावलं गेलं आहे, आणि आपल्यासाठी हीच त्याची लायकी. झाड ६० ते ९० सेंटिमीटर उंच होतं, पान ताटलीएवढं रुंद, निळसर हिरवं. पाकिटावर ७५ ते ८० दिवस लिहिलेलं असतं ते पूर्ण वाढीचे. खालची पानं तळहाताएवढी झाली की ५० दिवसांच्या आसपास तोडायला सुरुवात करता येते. बाकीची वाणं फेब्रुवारी संपता संपता चामड्यासारखी होतात, तेव्हा हे ५० टक्के शेडनेटखाली एप्रिल-मेपर्यंत खाण्याजोगी पानं देतं. दोष दोन. जागा जास्त खातं, १२ इंची ग्रो बॅगमध्ये, म्हणजे झाडं लावायच्या पिशवीत, ते खुरटतं. आणि जून पान शिजायला वेळ घेतं, २५ मिनिटं तरी.

दुकानात ‘व्हेट्स’ नावही दिसेल. ही व्हर्जिनियातल्या भाजीपाला संशोधन केंद्राच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. नुसतं ‘व्हेट्स’ वाचून पैसे देऊ नका, कारण त्या नावाचं बुटकं कुरळं केलही आहे आणि कोलार्डही. पाकिटावर दोन्हींपैकी कोणता शब्द आहे ते वाचा. ऑर्डर चुकल्याच्या बऱ्याच तक्रारी प्रत्यक्षात एवढ्याशाच असतात.

काश्मिरी हाख म्हणजे आपल्याच देशातलं कोलार्ड. श्रीनगरच्या बागांमध्ये आणि दल सरोवरातल्या तरंगत्या वाफ्यांवर ते पिकतं, आणि तिथल्या घरात भाताबरोबर जवळजवळ रोज असतं. खान्यारी, कावदारी, जीएम डारी ही तिथली वाणं. खान्यार हा जुन्या श्रीनगरमधला एक भाग, त्यावरून पहिलं नाव. पान चमच्यासारखं लांबट, गुळगुळीत, देठ कोवळा असताना देठासकट खायचं. चवीला पाचांत हेच सरस: गोडसर, किंचित मोहरीची नाकात जाणारी झाक, आणि शिजल्यावर पाण्यालाही चव देणारं.

खरेदीत मात्र गोम आहे. काश्मिरीत ‘हाख’ हा पालेभाजीसाठीचा ढोबळ शब्दही आहे. पालकालाही तिथे पालक हाख म्हणतात, आणि मोंज हाख म्हणजे चक्क आपला नवलकोल. त्यामुळे नुसत्या ‘हाक साग’ किंवा ‘करम साग’ नावाच्या पाकिटात काय निघेल याचा भरवसा नाही. वाणाचं नाव छापलेलं असेल तरच घ्या. उगवलेल्या रोपाचं खोड जमिनीलगत महिन्या-दीड महिन्यात लिंबाएवढं फुगायला लागलं तर तुम्ही नवलकोल लावला आहे. तोही खा, तक्रार नंतर करा. खरं हाख पुण्याच्या थंडीत उत्तम येतं, मुंबईत डिसेंबर-जानेवारीपुरतं. मार्चमध्ये त्याचा कडवटपणा वाढतो आणि झाड थांबतं. गुणांत ते कोलार्डच्या पुढे, पण हंगाम दोन महिन्यांनी आखूड.

टस्कन केल, म्हणजे लॅसिनॅटो किंवा नेरो दी तोस्काना, हे इटलीतलं. पान हातभर लांब, पाच-सात सेंटिमीटर रुंद, जवळजवळ काळपट हिरवं आणि कारल्याच्या सालीसारखं उंचसखल. वाढ ताडासारखी सरळ वर, त्यामुळे दीड फुटाच्या गॅलरीत कठड्याला लागून चार पिशव्या सहज बसतात. कुरळ्या केलपेक्षा उन्हाला बरं तोंड देतं आणि त्याची पानं धुणं सोपं. लागवडीपासून ६० ते ६५ दिवसांत पूर्ण पान. सूप किंवा डाळीत शिजलं तरी लगदा होत नाही. पालक आवडणाऱ्यांना मात्र ते कोरडं वाटेल.

रेड रशियनचं पान चपटं, कातरलेलं, जांभळ्या शिरांचं. ही जांभळी छटा थंडीत येते. मुंबईत ते हिरवंच राहिलं म्हणून विक्रेत्याला दोष देऊ नका. पेरल्यापासून २५-३० दिवसांत बोटभर पानं कोशिंबिरीत कच्ची खाता येतात, आणि तेवढ्यासाठीच ते घ्यावं. तोडल्यावर तासा-दोन तासांत लुळं पडतं. म्हणून बाजारात क्वचित दिसतं आणि म्हणूनच घरी लावण्यात मजा आहे. मोठ्या झाडावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, तुटून पडतो. फसफसून वाढलेलं झाड जपण्यापेक्षा दर तीन आठवड्यांनी नवीन चिमूटभर बी पेरा.

राहिलं कुरळं केल. ‘विंटरबॉर’ हे त्यातलं प्रसिद्ध संकरित वाण, नावातच हिवाळा आहे. हिमदव पडतो अशा मुलखात ते खरोखर अव्वल. थंडीत झाड पेशींमध्ये साखर साठवतं आणि पान गोड होतं. आपल्याकडे रात्रीचा पारा १० अंशांपर्यंत जेमतेम काही आठवडे उतरतो, तोही पुणे-नाशिक-निफाडकडे. बाकी वेळ पान जाड आणि उग्र. त्याहून वाईट म्हणजे त्या झालरीच्या घड्यांत मावा बसतो. फवारा आत पोचत नाही, नळाखाली धुऊन निघत नाही आणि ताटात दिसतो. महाबळेश्वर-पाचगणीला घर असेल तर लावा. इतरांनी फोटोवर समाधान मानावं.

किट घ्यावं का?

नाही. ‘ग्रो युअर ओन केल’ छापाच्या खोक्यांत साधारणपणे चार इंची कुंड्या, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) चकत्या, दहा-वीस बिया आणि लाकडी पाट्या येतात. चार इंची कुंडीत जेमतेम अर्धा लिटर माध्यम मावतं. कोलार्डच्या एका झाडाला ३० लिटर तरी लागतं. भेट द्यायला छान, भाजीला निरुपयोगी. त्यातल्या चकत्या तेवढ्या रोपांसाठी वापरा, पण लावताना भोवतीची जाळी ब्लेडने उभी चिरून काढा. ती कुजत नाही आणि मुळं आत अडकून झाड हाताच्या वितीएवढं राहतं.

त्याऐवजी एवढंच आणा. ९८ खणांचा रोपांचा ट्रे, कोकोपीटची एक वीट, १५ बाय १५ इंचाच्या ग्रो बॅग कोलार्डसाठी (सुमारे ४३ लिटर) आणि १२ बाय १२ च्या टस्कन-हाखसाठी (सुमारे २२ लिटर). बॅग २०० जीएसएमच्या (जाडीसाठी बॅगेवर छापलेल्या आकड्याच्या) आसपास जाड असावी, पातळ बॅग गच्चीच्या उन्हात दोन वर्षांत शिवणीला फाटते. कोकोपीट ‘धुतलेलं’ लिहिलं असलं तरी एकदा भिजवून, पिळून ते पाणी टाकून द्या. त्यातल्या क्षारांनी रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि लोक ‘बी खराब’ म्हणतात.

पेरणीपासून कुंडीपर्यंत

देशावर घटस्थापनेला बी पेरावं आणि लक्ष्मीपूजनाच्या आसपास रोपं कुंडीत न्यावीत. मधले २९-३० दिवस हेच या रोपांचं बरोबर वय: चार-पाच खरी पानं, पेन्सिलच्या निम्म्या जाडीचं खोड. मुंबई, कोकण आणि गोव्यात हे सगळं तीन आठवडे पुढे ढकला. ऑक्टोबरच्या उकाड्यात लावलेलं रोप तिथे रुजतं पण वाढत नाही.

ट्रेमध्ये तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. दाणा एक सेंटिमीटर खोल, एका खणात एकच. वरून ओलं वर्तमानपत्र झाका आणि तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघा. पहिला कोंब दिसला की कागद त्याच क्षणी काढायचा. एक दिवस उशीर झाला तर कोंब पांढऱ्या दोऱ्यासारखे लांबतात. तरीही लांबलेच, तर फेकू नका. कुंडीत लावताना बीजदलांपर्यंत खोड मातीत गाडा.

परतीच्या पावसात ट्रे छपराखाली हवा. रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडतं, ती मर. कारण जवळजवळ नेहमी संध्याकाळचं पाणी. सकाळी द्या, खालून ताटलीत द्या, आणि पेरणीनंतर एकदा ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) ५ ग्रॅम लिटरला मिसळून ओता. सुट्या किंवा घरगुती बियाण्याला पेरणीआधी गरम पाण्याची प्रक्रिया करता येते: ५० अंश सेल्सिअस, २० मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. थर्मामीटरशिवाय हे करू नये. ५५ अंशांना बी मरतं आणि ४५ ला जिवाणू मरत नाही. हा खटाटोप घाण्या या जिवाणूजन्य रोगासाठी, तो मुख्यतः बियाण्यातून येतो.

१२ इंची बॅगसाठी माप: गाळलेली लाल माती ८ लिटर, मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट ७ लिटर, कोकोपीट ६ लिटर, निंबोळी पेंड १०० ग्रॅम, मूठभर चुलीची राख. सामू (पीएच) ६ ते ७.५ च्या दरम्यान असावा. १५ इंचीला याच्या दुप्पट. शेणखत मुरलेलं हवं म्हणजे हवंच. अर्धकच्च्या खताची ऊब पिशवीत हात घातला तरी कळते, आणि त्यात मुळं खाणारी हुमणी अळीही येते. एका पिशवीत एकच झाड. दोन लावली तर दोन अर्धी मिळतात, एक पूर्ण नाही. जमिनीत लावत असाल तर केलला दीड फूट, कोलार्डला दोन फूट.

ऊन सहा तास. पाणी बोटाचं पहिलं पेर कोरडं लागलं की. डिसेंबरात एका मोठ्या झाडाला दिवसाला लिटरभर पुरतं, मार्चमध्ये दुप्पट. दर पंधरा दिवसांनी दोन ओंजळी गांडूळखत मुळांशी घालून माती चढवा, कारण उंच झाडाचं खोड वाऱ्याने हलून मुळं सैल होतात. जीवामृत दहापट पाण्यात चालेल. युरिया टाळा. त्याने पान आठ दिवसांत गडद आणि लुसलुशीत होतं, आणि नवव्या दिवशी मावा येतो.

कीड, जाळी आणि फवारे

या पिकाचा खरा खर्च बियाण्याचा नाही, जाळीचा आहे. तिच्याशिवाय केल लावणं म्हणजे अळ्यांसाठी अन्नछत्र. घ्यायची ती ४० मेशची (इंचात ४० भोकांची) पांढरी कीटकरोधक जाळी. हिरवं शेडनेट सावली देतं, पतंग अडवत नाही, आणि दुकानदार दोन्हींना ‘गार्डन नेट’च म्हणतो. अर्धा इंची पीव्हीसी पाइपच्या कमानी वाकवून त्यावर जाळी ताणा, खालच्या कडा विटांनी दाबा. पानं जाळीला टेकू देऊ नका, फुलपाखरू बाहेर बसून भोकातून अंडी घालतं. आणि जाळी लागवडीच्या दिवशीच घाला. पंधरा दिवसांनी घातली तर आतल्या अळ्यांना पक्ष्यांपासून संरक्षण देण्याचं पुण्य तेवढं लागतं. शहरात हीच जाळी कबुतरांनाही रोखते, कोवळा शेंडा खुडायला ती चुकत नाहीत.

जाळी नसेल तर पहिली येते ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. लहान, पोपटी, दोन्ही टोकांना निमुळती. बोट लावलं की वळवळत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळते. ती पानाचा खालचा पापुद्रा खरवडते आणि वरचा पारदर्शक पडदा तसाच ठेवते, म्हणून पानावर खिडक्या दिसतात. यावर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसची पावडर, १ ते २ ग्रॅम लिटरला. सूर्य मावळल्यावर फवारायची, उन्हात ती निकामी होते. अळी काही तासांत खाणं थांबवते पण मरायला दोन-तीन दिवस घेते. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून ‘औषध बोगस’ असा एक तारा देणारे पुष्कळ, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. सात दिवसांनी दुसरा हात द्यावा लागतो, कारण तोवर नवीन अंडी फुटलेली असतात.

मावा राखाडी, पीठ भुरभुरल्यासारखा, शेंड्यात आणि पानाच्या पाठीमागे. आधी नळीच्या जोरदार पाण्याने सलग तीन सकाळी झोडपा, निम्मं काम होतं. मग निंबोळी तेल १५०० पीपीएम (बाटलीवरचा तीव्रतेचा आकडा), ५ मिली लिटरला. इथे बहुतेकांची एक चूक होते. कोलार्डच्या पानावर मेणाचा थर असतो, त्यामुळे नुसतं तेल-पाणी म्हणजे अक्षरशः अळवावरचं पाणी: थेंब गोळा होतो, घरंगळतो आणि कुंडीत पडतो. लिटरला १ मिली भांड्यांचा सौम्य साबण किंवा स्टिकर (फवारा पानाला धरून ठेवणारं द्रव) घातला की तेच पाणी पानावर पसरतं. फवारल्यावर पान तिरकं धरून बघा. चकचकीत थेंब दिसले तर फवारा वाया, ओलसर पटल दिसलं तर बसला. माव्यात मध्येच फुगलेले, तपकिरी, कागदी दाणे दिसले तर ते पान तोडू नका. त्यांच्यात परजीवी गांधीलमाशी वाढत असते, ती पुढचं काम फुकट करते.

पानाच्या कडेपासून आत शिरणारा पिवळा त्रिकोण आणि त्यातल्या काळ्या पडलेल्या शिरा, हा घाण्या रोग. त्यावर घरगुती इलाज नाही. झाड मुळासकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. खालची एक-दोन पानं सगळीकडून सारखी पिवळी पडली तर मात्र घाबरू नका, ती नुसती म्हातारी झाली आहेत.

तोडणी आणि कढई

सकाळी तोडा. खालून वर, एका वेळी तीन-चार पानं, शेंड्याकडची पाच-सहा कायम राखून. देठ खाली दाबून बाजूला ओढला की खोडाला न सोलता कट्‌कन निघतो. वर ओढला तर सालीची पट्टी निघते आणि तिथून कूज शिरते. सहा कोलार्ड आठवड्याला पंधरा-अठरा पानं देतात, म्हणजे एक वेळची भाजी आणि वर वड्यांपुरती.

होय, वड्या. कोलार्डचा सगळ्यांत चांगला उपयोग हाच आहे आणि पाकिटावर तो कुठेच छापलेला नसतो. पान अळूएवढं मोठं, पण घसा खाजवत नाही. फक्त तोच मेणाचा थर इथेही आडवा येतो, बेसन पानाला धरत नाही आणि उकडल्यावर गुंडाळी सुटते. म्हणून पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा, पुसा, मागची जाड शीर सुरीने आडवी तासून पानाच्या पातळीला आणा. मग चिंच-गुळाचं पीठ नेहमीप्रमाणे. वाफ २० ते २५ मिनिटं, अळूपेक्षा थोडी जास्त.

हाखला मसाला लावू नका. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवा, हिंग, चार-पाच अख्ख्या मिरच्या, भरपूर पाणी आणि मीठ. पाणी खळखळलं की पानं घाला आणि झाकण न ठेवता शिजवा. झाकलं की हिरवा रंग जाऊन शेवाळी होतो. ते पाणी भातावर घ्यायचं असतं. टस्कन बारीक चिरून मुगाच्या डाळीत किंवा पीठ पेरून चांगलं लागतं. गोव्यात काल्दो व्हेर्द पालक घालून करतात. त्या बटाट्याच्या सूपाचं मूळ पान पोर्तुगालमधलं कोलार्डसारखंच आहे, त्यामुळे जॉर्जियाचं कोवळं पान केसासारखं बारीक चिरून घातलं तर ते मुळाच्या जवळ जातं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही भाजी रोज सुरू करू नये, यात व्हिटॅमिन के भरपूर असतं.

अमेरिकेत अटलांटा-डॅलसकडे राहणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही. कोलार्ड तिथे कोणत्याही दुकानात जुडीने मिळतं, लावायचंच तर उन्हाळा संपता संपता लावा आणि पहिलं हिमदव पडू द्या. आणि इथे राहून ज्यांना फक्त आठवड्यातून एकदा हिरव्या स्मूदीत चार पानं टाकायची आहेत, त्यांनी एवढा उद्योग करू नये. भाजीवाल्याकडून पाल्यासकट नवलकोल घ्या. तो ज्या पाल्याची मान मुरगळून टोपलीत फेकतो, ते याच जातीचं पान आहे आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

बी धरायचा विचार मैदानी भागात सोडून द्या. या झाडाला फुलावर यायला कित्येक आठवडे सलग १० अंशांखालची थंडी लागते, ती काश्मिरात मिळते, कोथरूडला नाही. त्याचा फायदा असा की कोलार्ड फुलावर न येता उन्हाळ्यापर्यंत पानं देत राहतं. मेअखेर शेंड्याची पानं तळहाताहून लहान यायला लागली की झाड उपटा, पिशवीतली माती पसरून आठवडाभर कडक उन्हात वाळवा, त्यात भेंडी किंवा चवळी लावा. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांतलं काहीही पुढची दोन वर्षं त्या मातीत नको.